घरात वेगळा ठेवलेला रुग्ण आणि त्याचे मन

संसर्गजन्य आजाराच्या रुग्णास वेगळे ठेवावे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु वेगळे ठेवलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, याचा विचार घरोघरी क्वचितच होतो. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही पेठ येथील राहत्या घरी पुढच्या खोलीत एकटे होतो, तेव्हा आम्हांस हे कळले.

नियम साधा होता. लक्षणे सुरू झाल्यापासून किमान १० दिवस वेगळे राहायचे, आणि शेवटचे ३ दिवस ताप नसावा. आमचा ताप चौथ्या दिवशी उतरला. झोप मात्र उडाली. ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली गेल्यास कळवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही तो ९७ असतानाही तासातासाला पाहत होतो. रोकड दोनदा मोजणाऱ्या कारकुनाची खोड, दुसरे काय! भीतीने छाती धडधडते, श्वास अपुरा वाटतो, आणि रुग्णाला वाटते की आजारच वाढला. डॉक्टरांनी दटावल्यावर आम्ही दिवसातून चार वेळाच आकडा वहीत लिहू लागलो, तेव्हा कोठे जीव स्वस्थ झाला.

आपल्यामुळे म्हाताऱ्या आईला लागण झाली तर, हा घोर वेगळाच. रोजंदारीवर जाणाऱ्यास बुडालेल्या मजुरीची चिंता. एका खोलीच्या घरात तर वेगळे राहायचे तरी कोठे?

पण सर्वांत जास्त लागते ते लोकांचे तोंड फिरवणे. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. हेतू सावधगिरीचा असेल, पण शिक्का बसलेल्या माणसाला आपण गुन्हेगार असल्यासारखे वाटे. आमचा दूधवाला उंबऱ्याबाहेर दूध ठेवून न बोलता निघून जाई. शेजारच्या वहिनी मात्र रोज अंगणात लांब उभ्या राहून "भावजी, जेवलात का?" असे विचारीत आणि कांद्याच्या भावापासून सगळ्या गावाची खबर देत. त्या पाच मिनिटांची आम्ही सकाळपासून वाट पाहत असू.

क्षयरोगाच्या बाबतीत हे अधिक जपले पाहिजे, कारण तो उपचार कित्येक महिने चालतो. पूर्वी अशा रुग्णाला गावाबाहेरच्या आरोग्यधामात पाठवीत. मद्रास येथील १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, घरी औषधे घेणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक लागण झाली नाही. योग्य औषधे लागू पडली की काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका बराच घटतो. शिवाय क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नव्हे. तरीही कित्येक घरांत बरा होत आलेल्या मुलाचेही ताट वेगळेच राहते, आणि ते का, हे त्याला कोणी सांगत नाही.

किती अंतर ठेवायचे आणि किती दिवस, हे डॉक्टरांना नेमके विचारावे व ती तारीख रुग्णाला दिसेल अशी दिनदर्शिकेवर लिहावी. रुग्ण जेवेनासा झाला, रात्ररात्र जागू लागला किंवा जगणे नको असे बोलू लागला, तर थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो व मराठीतही बोलता येते. रुग्ण संकोचत असेल तर घरच्यांनीच फोन लावून त्याच्या हाती द्यावा.