आजोबांचे ऑपरेशन आणि आमचे रेशनकार्ड

गेल्या मृगात माझ्या आजोबांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिनी तुंबली आहे, जिल्ह्याला न्या." खर्च ऐकून बाबा बैलजोडी विकायला निघाले. आई म्हणाली, "मग पेरणी कशानं करायची?"

जिल्ह्याच्या दवाखान्यात आरोग्यमित्र ताई बसतात. त्यांनी रेशनकार्ड आणि आधारकार्ड पाहिले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी फुकट झाली. बैल दावणीलाच राहिले.

ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली. तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. २०२३ साली सरकारने ही मर्यादा ५ लाख करायचे व सर्व रेशनकार्डवाल्यांना घ्यायचे ठरवले. आपल्याला हप्ता भरावा लागत नाही. मात्र साध्या ताप-खोकल्याला ती चालत नाही. आजार यादीतला हवा, दवाखानाही यादीतला हवा.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर रेशनकार्ड उघडा. सगळ्यांची नावे आहेत का ते वाचा. आमच्यात धाकट्या बहिणीचे नावच नव्हते! बाबांनी ते घालून घेतले.

– इयत्ता ७ वी