घरची यारी

मनुष्याच्या बाहूंचे बळ थोडे. परंतु त्याला युक्तीची जोड मिळाली, की ते कितीतरी पटींनी वाढते. लहानशा कारखान्यात याचा प्रत्यय नेहमी येतो. तेथे ४०० किलोग्रॅम वजनाचे लेथ यंत्र हलवावयाचे असते. पण मोठी यारी विकत घेण्याची ऐपत नसते. अशा वेळी कुशल कारागीर तीन भक्कम पोलादी नळ व काही कप्प्या यांच्या साहाय्याने स्वतःच यारी उभी करतो.

तीन नळांची टोके माथ्याशी एकत्र जखडली, की तिकटी तयार होते. तिच्या माथ्याला दोन कप्प्यांचा एक संच टांगतात. तसाच दुसरा संच ओझ्याला अडकवतात. दोन्ही संचांतून एकच दोर ओवला, म्हणजे ओझे दोराच्या चार पदरांवर विभागले जाते. प्रत्येक पदरावर १०० किलोग्रॅम भार येतो. त्यामुळे मोकळे टोक तेवढ्याच, किंवा घर्षणामुळे किंचित अधिक जोराने ओढले, की यंत्र वर चढू लागते. दोन-तीन गड्यांना हे सहज साधते. मात्र ओझे १ मीटर चढविण्यास दोर ४ मीटर ओढावा लागतो. जोरात झालेली बचत अंतरात भरून द्यावी लागते.

आता तिकटीवर भार किती पडला? ४०० किलोग्रॅम, असे उत्तर कोणीही देईल. परंतु गडी दोर खाली ओढतात, तो जोरही माथ्यालाच पेलावा लागतो. म्हणजे भार ५०० किलोग्रॅमहून अधिक होतो. हा हिशेब चुकला, तर नळ वाकतो किंवा आकडा उघडतो. शिवाय भाराने तिकटीचे पाय बाहेर सरकू पाहतात; म्हणून ते साखळीने एकमेकांस बांधतात.

दोर हातून सुटला, तर ओझे धाडकन कोसळते. साखळीच्या कप्पीत, म्हणजे कारागिरांच्या चेन पुलीत, हात सोडला तरी ओझे अधांतरी स्थिर राहते. म्हणून जाणते कारागीर तीच पसंत करतात.

ओझे प्रथम चार बोटे उचलून थांबावे. गाठी, आकडे व पाय निरखून पाहावेत आणि मगच पुढे ओढावे. टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही जाऊ नये. पडलेला पाना उचलण्यासाठी क्षणभरदेखील नाही. ओझे इच्छित स्थळी अलगद टेकले आणि सर्व गडी सुखरूप घरी परतले, म्हणजे यारी चांगली बांधली असे समजावे.