सपाट छायाचित्रातून उभे राहिलेले बाबा

१९१८ च्या विजयादशमीला साईबाबांनी शिर्डीत देह ठेवला आणि बुटी वाड्यात त्यांची समाधी बांधली गेली. तिथली संगमरवरी मूर्ती मात्र ३६ वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९५४ ला बसली. तो दिवसही विजयादशमीचाच.

मूर्ती घडवली बाळाजी वसंत तालीम यांनी. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. त्यांचा जन्म १८८८ चा, आणि बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापनाही त्याच वर्षीची. म्हात्रे, करमरकर, तालीम अशी मराठी मुलखातल्या शिल्पकारांची जी थोर फळी उभी राहिली, ती याच शाळेच्या आणि याच सोसायटीच्या प्रदर्शनांच्या आधाराने. शिर्डीचे काम हाती आले तेव्हा तालीम मुरलेले कलावंत होते. तरीही ते अडले.

कारण त्यांच्यासमोर बाबांचे एकच कृष्णधवल छायाचित्र होते, असे सांगतात. त्यातली अडचण समजून घेण्याजोगी आहे. छायाचित्रातला काळा डाग म्हणजे काळा रंग, की खोलगट भागातली सावली? दाढी पांढरी दिसते ती केसांमुळे, की उजेड तिथे जास्त पडला म्हणून? चित्रकाराला हा प्रश्न टाळता येतो, तो दिसले तसे रंगवतो. शिल्पकाराला प्रत्येक डागाचा निवाडा करावा लागतो: इथे दगड आत जाईल की बाहेर येईल? शिवाय पाठ, कान, मानेची वळणे छायाचित्रात नसतातच. ती चेहऱ्याच्या हाडांवरून, बसण्याच्या ढबीवरून मनाने शोधायची. डाव्या गुडघ्यावर उजवा पाय टाकून बसलेल्या माणसाचा भार कुठे पडतो, कफनीला चुण्या कुठून पडतात, हे सारे शरीराच्या जाणकारीतूनच येते. बाबांनी स्वप्नात येऊन चेहरा नीट दाखवला, अशी श्रद्धावंतांमध्ये कथा आहे. ती ऐकताना मला त्या कलावंताची तगमगच जास्त जाणवते.

असा पुतळा सहसा आधी मातीत घडतो. माती लावता येते, काढता येते. मग साचा घेऊन प्लास्टरचा नमुना, आणि शेवटी दगड. दगडात नुसते काढणेच असते. प्लास्टरच्या नमुन्यावर ठरावीक बिंदू धरून, सुईने त्यांची खोली मोजून तीच दगडात उतरवतात. छिन्नी मुद्दाम थोडी अलीकडे थांबवतात, कारण शेवटचा पातळ थर हाताने आणि नजरेने काढायचा असतो. साम्य येते ते त्या थरात.

संगमरवर तरी का? उजेड त्याच्या पृष्ठभागावरून लगेच परतत नाही. तो थोडा आत शिरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो. आपल्या त्वचेतही तसेच घडते, म्हणून पांढऱ्या दगडाचा गाल जिवंत वाटतो. शिर्डीचा दगड इटलीतून मुंबईच्या गोदीत आला होता, आणि त्यातून ५ फूट ५ इंचांची मूर्ती साकारली.

हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. दही-लिंबासारख्या आंबट पदार्थांनी तो हळूहळू विरघळतो. शिर्डीत मूर्तीला रोज पहाटे काकड आरतीनंतर मंगलस्नान घालतात. तालीम यांनी राखलेला तो शेवटचा पातळ थर जपायचा, तर त्या पाण्यात काय मिसळायचे आणि काय नाही, हेही पाहावे लागते.