आठवणींच्या गप्पा आणि मुलांची जडणघडण

आई-वडील आणि मुले यांच्यातील रोजच्या बोलण्याचा हिशेब मांडला, तर त्यातील बराचसा भाग सूचनांचा आणि चौकशीचा निघतो : डबा संपवला का, गृहपाठ झाला का, चाचणीत किती गुण मिळाले. घर चालायचे तर असे बोलणे लागतेच आणि त्यात वावगेही काही नाही. परंतु ज्या बोलण्यातून मूल स्वतःच्या अनुभवांची संगती लावायला शिकते, ते वेगळ्या जातीचे असते. बालमानसशास्त्राने गेल्या काही दशकांत अशा बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी उपदेश किंवा भवितव्याची चर्चा नसून, घडून गेलेल्या साध्यासुध्या प्रसंगांविषयी घरात होणाऱ्या गप्पा आहेत.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील रॉबिन फायवुश, न्यूझीलंडमधील ओटॅगो विद्यापीठातील इलेन रीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आया आपल्या लहान मुलांशी एखाद्या जुन्या प्रसंगाबद्दल कशा बोलतात, याची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा बोलण्याच्या दोन तऱ्हा ठळकपणे दिसल्या. कल्पनेसाठी जेजुरीच्या सहलीचे उदाहरण घेता येईल. ‘आपण गडावर काय पाहिलं?’ असे आईने विचारले आणि मूल ‘पायऱ्या’ म्हणाले. त्यावर ‘अजून काय? आठव बरं, अजून काय?’ असा धोशा तिने लावला, की मूल दोन उत्तरांत कंटाळते, कारण गप्पांची परीक्षा झालेली असते. याउलट ‘हो ना, केवढ्या पायऱ्या! आणि मध्येच कुणीतरी भंडारा उधळला, तेव्हा तू डोळे चोळत बाबांच्या मागे लपलास. का रे लपलास?’ असे आई म्हणाली, तर मुलाच्या एका शब्दाची दखल घेतली जाते, त्यात तपशिलाची भर पडते आणि पुढचा प्रश्न असा येतो की ज्याचे उत्तर फक्त त्या मुलालाच ठाऊक आहे. या दुसऱ्या तऱ्हेला विस्तारक स्मरणसंवाद म्हणता येईल. म्हणजे खुले प्रश्न विचारत, मुलाच्या उत्तरात भर घालत आणि त्या वेळच्या भावनांना नाव देत दोघांनी मिळून उभी केलेली आठवण.

फायवुश, रीझ आणि कॅथरीन हेडन यांनी मुले सव्वातीन वर्षांची असल्यापासून सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यापर्यंत काही कुटुंबांचा मागोवा घेतला आणि 1993 साली निष्कर्ष मांडला, की ज्या आया सुरुवातीपासून विस्ताराने बोलत होत्या, त्यांची मुले पुढे स्वतःचे अनुभव अधिक तपशिलाने सांगू लागली. याच विषयाचा एक धागा न्यूझीलंडच्या माओरी समाजापर्यंत पोहोचतो. माओरी प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या वयातील, तर तेथील युरोपीय वंशाच्या प्रौढांची सुमारे साडेतीन वर्षांच्या वयातील असल्याचे 2000 सालच्या एका अभ्यासात आढळले. आणि पुढील अभ्यासात माओरी आया मुलांना त्यांच्या जन्माची हकिगत अधिक विस्ताराने सांगतात, असेही दिसले. ज्या समाजात वंशावळी आणि पूर्वजांच्या कथा मौखिक परंपरेने जपल्या जातात, तेथे असे घडावे यात नवल नाही.

या संशोधनातील एक निरीक्षण मात्र पालकांना अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकी कुटुंबांच्या अभ्यासांत पालक मुलींशी बोलताना भावनांचा, विशेषतः दुःखाचा, उल्लेख मुलांच्या तुलनेत अधिक करत असल्याचे दिसले. ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य ज्या घरांत सर्रास ऐकू येते, तेथे वेगळे चित्र असेल असे मानण्यास फारसा आधार नाही. आणि पुढे तरुण मुलगा घरात तोंड उघडत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी, त्याच्याशी चौथ्या वर्षी कोणत्या विषयावर बोलले जात होते, हे आधी तपासावे.

विस्तार म्हणजे पालकाने अखंड बोलत राहणे नव्हे. मूल ‘हत्ती लाल होता’ म्हणत असताना ‘लाल नाही, त्याच्यावरची झूल लाल होती’ अशी दुरुस्ती लगोलग करण्याचा मोह आवरावा लागतो, कारण गोष्ट मुलाची असते आणि तपशिलाची चूक नंतरही सुधारता येते. किशोरवयात तर पालकाने शांतपणे ऐकणे अधिक महत्त्वाचे ठरते. यालाच थॉमस गॉर्डन यांनी 1970 सालच्या पालकत्वावरील पुस्तकात सक्रिय श्रवण म्हटले, म्हणजे सल्ला देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवून ते नीट कळले की नाही याची खात्री करणे.

विस्तारक स्मरणसंवादाची तऱ्हा शिकवता येते, ही यातील सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. रीझ यांच्या गटाने न्यूझीलंडमध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या आयांना वर्षभर असे मार्गदर्शन केले. ती मुले एकविसाव्या वर्षी आयुष्यातील वळणाचे प्रसंग अधिक सुसंगतपणे सांगत होती आणि मार्गदर्शन न मिळालेल्या कुटुंबांतील मुलांपेक्षा त्यांच्यात नैराश्याची लक्षणेही कमी आढळली. या मार्गदर्शनाला महागडी साधने लागत नाहीत. अंगणवाड्या आणि शाळा पालकांना सभेसाठी बोलावतातच. त्या सभेतील अर्धा तास गुणपत्रिकेऐवजी या विषयाला द्यावा.