ओढून बघ

सकाळचे पावणेसात. तळेगाव चौकातल्या कोंडीतून कशीबशी सुटून आमची शेअर रिक्षा महाळुंग्याला पोचते. समोर परदेशी वायरिंग कंपनीचं गेट. आत नव्या शेडचे पत्रे कोरे चकचकीत. त्या शेडसाठी आज भरती आहे आणि मी भाचीला घेऊन आलोय. रांगेत मुलीच जास्त. कुणी खेड-शिरूरच्या, कुणी हिंगोली-परभणीकडून येऊन चाकणात चौघीचौघी एका खोलीत राहणाऱ्या. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी: मार्कशीट, आधारची झेरॉक्स, दोन फोटो.

चाकण म्हणजे कांद्याच्या बाजाराचं गाव. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीजनं इथं कारखाने उघडले, आणि गाड्यांच्या मागे सुटे भागवालेही येत राहिले.

चाचणी गेटाशेजारच्या मांडवातच चालली आहे. उभ्या फळ्यावर खुंट्या आणि वायरींच्या जाळ्याचं पूर्ण आकाराचं चित्र. वायर कापायला, टोकाला पिन दाबायला मशीन आहे. पण लुळ्या वायरी फळ्यावर अंथरून टेप गुंडाळायला अजून माणसाचीच बोटं लागतात. म्हणून तर शेड वाढली की एवढे हात लागतात.

भाचीची पाळी येते. निळ्या एप्रनमधली सुपरवायझर शिकवते, "ढकल. टिक ऐक. मग ओढून बघ." भाची पिवळी वायर कनेक्टरमध्ये सारते. टिक. ओढते; वायर हलत नाही. तिसरी वायर मात्र अलगद हातात येते. "बघ, ही गाडी इथून नीट जाईल आणि पुढे खड्ड्यात बंद पडेल," सुपरवायझर शांतपणे म्हणते. भाची पुन्हा सारते. मला उगाच घाम फुटतो.

पास. पुढचं टेबल मात्र ठेकेदाराचं. विस्तारामुळे इतक्या जणांना काम मिळालं, असं पेपरात येतं तेव्हा त्यातले कंपनीच्या पेरोलवर किती, हेही त्याच ओळीत छापलं पाहिजे. या पोरींना खोलीचं डिपॉझिट भरायचंय, घरी पैसे पाठवायचेत.

"दादा, कायम कधी करतात?" भाची विचारते.

"आधी सही कर. सोमवारी फर्स्ट शिफ्ट."

ती पेन उचलत नाही. फॉर्म उलटून मागची बारीक छपाई बोट ठेवून वाचू लागते. मागून कुणी म्हणतं, "आटप गं!" ती तशीच दुसऱ्या ओळीवर सरकते.