ठेव ठेवण्याआधी चार गोष्टी विचारा

सोयाबीन, हळदीचा पैसा हाती आला की जादा व्याजाचा निरोप घेऊन एजंट दारात हजर. माणूस ओळखीचा, म्हणून मुलीच्या लग्नाचा पैसाही भरला जातो. नांदेड-लातूरकडे प्रांत कार्यालय माहीत आहे ते मतदार यादी अन् दाखल्यांसाठी. बुडीत ठेवीचे कामही महसूल अधिकाऱ्याकडे येते, हे थोड्यांनाच ठाऊक.

राज्याने १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा केला. कपटाने ठेव बुडविणाऱ्यास सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शासन मालमत्ता जप्त करते. किमान उपजिल्हाधिकारी दर्जाचा सक्षम अधिकारी तिचा ताबा घेतो. विशेष न्यायालयाच्या हुकुमाने विक्री होऊन पैसा ठेवीदारांत वाटला जातो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरविला.

पण यात वर्षे जातात, अन् जप्तीत सापडेल तेवढेच वाटले जाते. म्हणून शेतकरी बंधूंनो, आधीच विचारा: ही बँक आहे का? सहकारी बँकेतल्या ठेवीलाही पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था, मल्टिस्टेट सोसायटीला तो नाही. नोंदणी कुठली? व्याज बँकेपेक्षा इतके जास्त कसे? पक्की पावती मिळणार का?

पैसा अडकलाच तर मूळ पावती कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. पोलिसांत लेखी तक्रार करून पोच घ्या. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. एजंट येण्याआधी वाचली तर जास्त बरे.