तलाव कोणाचा? – सोलापूरच्या तलावांवरून शिकूया स्थानिक शासन

सहावीला 'शहरी स्थानिक शासन संस्था' हा घटक शिकवताना मी आधी व्याख्येपासून सुरुवात करायचो. मुलं पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, आपल्या सोलापुरात एवढे तलाव आहेत, मग नळाला रोज पाणी का येत नाही?" त्या एका प्रश्नामुळे मी हा धडाच वेगळ्या पद्धतीने घ्यायला लागलो. तीच पद्धत तुमच्यासाठी देतोय.

आधी नकाशा

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतं. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास. पश्चिमेला सीना, दक्षिणेला भीमा. पण दोन्ही नद्या शहराबाहेरून जातात. म्हणून पडेल ते पाणी अडवून ठेवणं ही इथली जुनी गरज. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून तलाव खोदला, असं परंपरा सांगते. पुढे इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये, अदिला नदीवर एकरुख तलाव बांधून झाला. आपण त्याला हिप्परगा तलाव म्हणतो.

आता प्रश्न : कोण बघतं?

मुलांना सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं करा (निदान फोटो तरी दाखवा) आणि विचारा, "इथलं कोण बघतं?" सगळे एका सुरात म्हणतील, "सरकार!" मग एकेक वेगळं करून दाखवा.

• मंदिराचा कारभार देवस्थानची पंच कमिटी पाहते.
• शेजारचा भुईकोट किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.
• बाहेरचा रस्ता, दिवे, कचरा ही कामं महापालिकेची.

नंतर हिप्परग्याला चला. तलावाचं पाणी राज्याच्या जलसंपदा खात्याकडे, पण काठावरच्या गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे. म्हणजे तुळजापूर रस्त्याने थोडं पुढे गेलं की 'स्थानिक शासन' बदललं!

मग नळाचं पाणी?

इथे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपले तलाव पावसावर भरतात आणि एवढ्या मोठ्या शहराला पुरत नाहीत. १९९२ च्या हद्दवाढीनंतर तर शहर कितीतरी पसरलं. हिप्परग्याचं पाणी मिळतं, पण मुख्य भिस्त शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या उजनी धरणावर आहे. तिथून काही पाणी जलवाहिनीने येतं, तर काही भीमेत सोडून औज बंधाऱ्यात अडवतात आणि टाकळीहून उचलतात. धरणातून पाणी सोडायचा निर्णय राज्याच्या यंत्रणेचा. ते शुद्ध करून घरोघरी पोचवायचं काम महापालिकेचं. धरण भरलं तरी पाणी नेणारी जलवाहिनी, पंप आणि शहरातल्या टाक्या पुरेशा नसतील तर नळाला रोज पाणी येत नाही. 'धरण भरलं, मग पाणी का नाही?' या घरोघरच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

महापालिका म्हणजे कोण?

सोलापूरला नगरपालिका १८५२ साली आली, आणि १ मे १९६४ रोजी महापालिका झाली. २०१७ च्या निवडणुकीत २६ प्रभाग होते. इथे एक गणित घाला : २४ प्रभागांत प्रत्येकी ४ आणि २ प्रभागांत प्रत्येकी ३, तर नगरसेवक किती? उत्तर १०२. यातल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव.

नगरसेवक आपल्यातूनच महापौर निवडतात, अडीच वर्षांसाठी. आयुक्त मात्र निवडून येत नाहीत. त्यांना राज्य सरकार नेमतं. ठराव सभागृहाचा, अंमलबजावणी आयुक्तांची, एवढं मुलांच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. २०२२ मध्ये मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, तेव्हा प्रशासक आले. त्या काळात प्रभागातल्या माणसांसाठी सभागृहात बोलायला कुणी नव्हतं. निवडणूक का लागते, हे याहून सोपं कसं समजावणार?

उपक्रम : पाकिटावरचा पत्ता

मुलांना तीन प्रसंग द्या : गल्लीत पाइप फुटला, किल्ल्याची भिंत ढासळली, हिप्परगा तलावातून शेतीला पाणी हवंय. प्रत्येकासाठी एक पत्र लिहायला सांगा. माझ्या वर्गात पहिल्यांदा बहुतेकांनी तिन्ही पाकिटांवर एकच पत्ता लिहिला होता : 'मा. मुख्यमंत्री, मुंबई.' चर्चेनंतर पाइपचं पत्र महापालिकेच्या झोन कार्यालयाला गेलं, किल्ल्याचं पुरातत्त्व खात्याला आणि शेतीच्या पाण्याचं जलसंपदा खात्याला.

पालकांनो, घरी पाणी आलं नाही की आपणही पटकन 'सरकारच तसलं' म्हणून मोकळे होतो. पुढच्या वेळी मुलांसमोर बसून एक अर्ज लिहा आणि त्यावर पत्ता कोणाचा टाकायचा, हे त्यांनाच विचारा. बरोबर दार माहीत असलेला माणूसच ते वाजवू शकतो.

तुमच्या गावच्या तलावावर हा पाठ घेऊन बघा आणि मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.